सगळे जवळ आहेत

मुलगी रडत होती. गिळलेलं पाणी खोकल्याबरोबर नाकातोंडातून बाहेर येत होतं, ओठांवरची निळसर झाक हळूहळू ओसरत होती, आणि तिने दोन्ही हातांनी बदकताईच्या गळ्याला अशी मिठी घातली होती, की सोडवायला गेलं असतं तर नखांचे ओरखडे उठले असते. त्या क्षणी बदकताईच्या मनात एकच विचार आला: टॉवेल फार भिजलाय, पिळून वाळत टाकायला हवा. मग तिच्या ध्यानात आलं की हा टॉवेल नाही, पोर आहे. ध्यानात आलं एवढंच. आत काही हललं नाही. पोरीच्या छातीची धडधड तिला स्वतःच्या बरगड्यांवर जाणवत होती. शेजारच्या घरात कुणी भिंतीला खिळा ठोकत असावं तशी, लांबून, आपला काही संबंध नसल्यासारखी. बाकीची मुलं पोहायच्या फळ्या पोटाशी धरून काठावर कुडकुडत उभी होती आणि एकटक तिच्याकडे बघत होती. त्यांच्या चेहऱ्यांवरची भीती तिला स्वच्छ दिसत होती, भिंतीवर टांगलेलं चित्र दिसावं तशी.

शिट्टी अंगावरच्या कपड्यांनिशी भिजून पायरीवर बसला होता. शिट्टी म्हणजे पोहण्याच्या तलावावरचा जीवरक्षक. गळ्यात कायम शिट्टी आणि तोंडात कायम टोमणा, म्हणून मुलांनी त्याला ते नाव दिलं होतं; जसं किंचित फेंगड्या चालीमुळे आणि मागे पोरांची रांग घेऊन हिंडण्यामुळे हिला बदकताई हे नाव मिळालं होतं. तलावाच्या पार दुसऱ्या टोकाला असलेल्या उंच खुर्चीवरून त्याने उडी टाकली होती, पायातल्या चपलांसकट. मुलीला वर काढून त्यानेच बदकताईच्या हातात दिलं होतं. एक चप्पल अजून पाण्यावर तरंगत होती. एरवी एवढ्यावर त्याने बदकताईला दिवसभर पुरतील एवढे टोमणे मारले असते. आता तो नुसता सदऱ्याचं टोक पिळत होता.

मुलीची आई बाकावरून धावत आली तोवर सगळं आटोपलं होतं. ती फोनवर बोलत बसली होती, तिने सुरुवात पाहिली नव्हती. तिने लेकीला ओढून घेतलं, चाचपलं, तिचे डोळे पुसले, आणि मग बदकताईचा ओला हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून. दुसरी कुणी असती तर हातपाय गाळून बसली असती. तुम्ही किती शांत राहिलात."

शांत. तो शब्द मात्र बदकताईला लागला. दुखावणारा शब्द लागतो तसा नव्हे. बधिर केलेल्या हिरडीवर डॉक्टरांनी टोचून पाहावं आणि काहीतरी टोचलं एवढंच कळावं, तसा. ती हसली. काळजी घ्या, आज गरम कपडे घाला, असं काहीबाही बोलली आणि कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बाकड्यावर बसली.

खोलीत क्लोरीनचा आणि ओल्या लाकडाचा वास होता. छताजवळच्या झरोक्यातून उन्हाची एक पट्टी समोरच्या भिंतीवर पडली होती आणि पलीकडच्या पाण्यामुळे ती पट्टी हलत होती. बदकताई तिच्याकडे बघत राहिली. मघाशी तलावाच्या तळाशीही असंच हललं होतं. फरशांवर उजेडाची जाळी डुलत होती आणि त्या जाळीत एक पिवळी टोपी होती. टोपीतून सुटलेले केस वर तरंगत होते. तिने ते सगळं पाहिलं होतं. काठावर उभं राहून, नीट, डोळे उघडे ठेवून पाहिलं होतं. आणि पाहताना तिला काय वाटलं होतं, ते आता बाकड्यावर बसून तिला आठवलं, आणि लक्षात आलं की भिऊन जावं अशी जर या जगात एखादी गोष्ट असेल तर ती हीच. तिला बरं वाटलं होतं.

तिची शिकवायची एक रीत होती. पाण्यात असेपर्यंत प्रत्येक मुलाने गुणगुणत राहायचं. कुठली धून ते महत्त्वाचं नाही, सूर बेसूर चालेल, पण तोंड पाण्यावर असेल तोवर नाकातून आवाज चालू राहिला पाहिजे. नवे पालक हसायचे. हा पोहण्याचा वर्ग आहे की गाण्याचा, असं शिट्टी दर मोसमात एकदा तरी विचारायचा. पण मुलांना मजा वाटायची, गुणगुणलं की श्वास आपोआप लयीत यायचा, आणि तिसरं कारण ती कुणाला सांगत नसे. ते तिला बाबांनी सांगितलं होतं. बाबांनी तिला दगडाच्या जुन्या खाणीत साचलेल्या पाण्यात पोहायला शिकवलं होतं, कमरेला दोर बांधून, आणि पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "ओरडतो तो अजून बुडालेला नसतो. बुडणारं माणूस ओरडत नाही, बाळा. ते गप्प होतं." ते वाक्य तिच्या पोटात जाऊन बसलं ते कायमचं. म्हणून ती मुलांकडे डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त बघायची. कुणाचं गुणगुणणं मिक्सरसारखं, कुणाचं डासासारखं. पिवळ्या टोपीची ही मुलगी तर एकाच सुरात घुर्र करायची, म्हणून तिचं नाव तिने फ्रिज ठेवलं होतं आणि त्या नावावर मुलगी खूश होती. घरातला फ्रिज चालू आहे हे कुणाच्या लक्षात असतं? तो बंद पडला की मग कळतं, आत्तापर्यंत आवाज येत होता. अगदी तसंच, त्या दहाबारा आवाजांच्या गोंगाटातून एक आवाज गळला, की बदकताईच्या पोटात गोळा यायचा. विचार करायच्या आत. मान वळायच्या आत पाय पाण्यात पडलेले असायचे. बहुतेक वेळा काहीच नसायचं. पोराला शिंक आलेली असायची नाहीतर त्याच्या नाकात पाणी गेलेलं असायचं. शिट्टी उंच खुर्चीवरून ओरडायचा, "बदके, त्याला शिंकू तरी दे." पण इतक्या वर्षांत तिच्या वर्गात एकाही मुलाने घाबरण्याइतकं पाणी गिळलं नव्हतं, हे तोही जाणून होता.

आज फ्रिजचा आवाज थांबला. तो थांबल्याचं तिला ऐकू आलं, हे महत्त्वाचं. कान शाबूत होते. घुर्र थांबलं आणि दुपारी घरातला फ्रिज थांबल्यावर खोली एकदम मोठी, स्वस्थ वाटते, तशी सगळ्या तलावावर स्वस्थता पसरली. चला, एक तरी गप्प झालं, असं तिला वाटलं. ती त्या स्वस्थतेत उभी राहिली. मग तळाशी पिवळी टोपी दिसली, उजेडाची जाळी दिसली, किती छान दिसतंय असं वाटलं, आणि कुठूनतरी एक माणूस चपलांसकट पाण्यात पडला.

तिचा हात पिशवीत गेला होता. मुलांच्या कानांत घालायचे बोळे ठेवायची गोल डबी तिच्या बोटांना सापडली, झाकण उघडलं गेलं. बोळ्यांखाली गोळ्या होत्या. हाताने एक उचलली, तोंडाने गिळली. आपण हे ठरवलं कधी, हे तिने स्वतःला विचारून पाहिलं. थोड्या वेळाने पाठीच्या मणक्यातून, मांड्यांतून, डोळ्यांच्या मागून ती ओळखीची ऊब चढत आली आणि प्रश्नही कुठेतरी विरघळून गेला.

ऊब. पहिल्या दिवसापासून तिने त्याला हेच नाव दिलं होतं. मागच्या हिवाळ्यात काठावरच्या शेवाळावरून पाय घसरून तिचा खांदा निखळला होता आणि हाड मोडलं होतं. हाडांच्या डॉक्टरांनी स्क्रू घातले आणि दुखणं असह्य होऊ नये म्हणून या गोळ्या दिल्या. अफूच्या जातीतल्या आहेत, दुखणं कमी झालं की सोडायच्या, असं त्यांनी सांगितलंही होतं. खांद्याचं दुखणं पहिल्याच गोळीने हलकं झालं, पण तिला आश्चर्य वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. छातीच्या मधोमध आयुष्यभर आवळून धरलेली एक मूठ होती, ती सुटली. ती मूठ आहे हेसुद्धा तिला तोवर ठाऊक नव्हतं. बदकताई जन्माची भित्री. पाण्याची नव्हे, माणसांची, म्हणजे माणसांसाठीची. नवऱ्याला यायला उशीर झाला की दहा वेळा गॅलरीत जाणारी, गॅस बंद केलाय ना हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत येणारी. नवरा तिला काळजीवाहू सरकार म्हणायचा. लेक म्हणायची, आईला शिंक जरी ऐकू आली तरी ती वाफारा घेऊन येते. खांदा बरा होत आला तरी ती मूठ पुन्हा आवळली जाऊ नये म्हणून ती गोळी घेत राहिली. हाडांच्या डॉक्टरांनी लिहून देणं थांबवलं, तेव्हा दुसरीकडे जाऊन खांदा दुखतो म्हणून सांगितलं. खांदा दुखतही होता म्हणा. गोळी उतरू लागली की सगळंच दुखायचं.

आणि खरं सांगायचं तर कुणाचीच तक्रार नव्हती. हेच तर ती आता भिंतीवरच्या हलत्या उजेडाकडे बघत जुळवत होती, गोळीच्या उबेतून, जाड लोकरी मोजे घालून दोरा ओवावा तसं. घर सुखी झालं होतं. नवरा म्हणाला, तू किती निवळलीस. नवरा कामासाठी परगावी गेला आणि परत आला, तिला तो गेल्याचं वाईट वाटलं नाही आणि आल्याचा आनंद झाला नाही. माणसं आली तरी ठीक, गेली तरी ठीक. याला समजूतदारपणा म्हणतात अशी तिची समजूत झाली. मैत्रिणींचे फोन ती उचलेनाशी झाली. राग नव्हता, नुसती कुणाची गरज उरली नव्हती. आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला बाबा गेले. तिने सगळं नीट केलं. कुणाला कळवायचं, बाबांची काठी कुणाला द्यायची, आल्यागेल्याला चहा. मावशी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली तेव्हा तिने मावशीच्या पाठीवरून हात फिरवला आणि मावशीच्या ब्लाउजची उसवलेली शिवण तिला दिसली. किती धीराची आहेस, सगळे म्हणाले. बाबांच्या वेळी धीराची. घरात निवळलेली. तलावावर शांत. तीन शब्द एकाच माळेतले. ज्या बाबांनी तिच्या कमरेला दोर बांधला होता, ते गेले तेव्हा दोराला साधा हिसकाही बसला नव्हता.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा लेक न्हाणीघरात होती. लेक आता मोठी, आईच्या खांद्याला लागेल अशी. बदकताईने पिशवी ठेवली, ओले कपडे बादलीत टाकले, आणि कणीक काढायला वाकली असताना तिला वाटलं की काहीतरी चुकतंय. घरात काही बदललं होतं, पण काय ते सापडेना. नळाचा आवाज येत होता. फ्रिज चालू होता. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. मग एकदम समजलं. न्हाणीघरातून गुणगुण येत नव्हती. लेक तीन-चार वर्षांची असल्यापासून या घरात नियम होता, दार लावून अंघोळ करायची असेल तर गुणगुणायचं. आधी खेळ म्हणून, मग सवय म्हणून, मग आईची खोड म्हणून. मधेच थांबलीस तर मी दार तोडेन, असं ती म्हणायची आणि एकदा खरंच दाराची कडी उखडली होती. लेक नुसती साबण शोधत होती. त्या उखडलेल्या कडीवर घरात अजून विनोद व्हायचे.

लेक केस पुसत बाहेर आली. बदकताईने विचारलं, गुणगुणायचं कधी थांबवलंस. लेकीने टॉवेलमधून तिच्याकडे पाहिलं. "केव्हाच," ती म्हणाली. "हिवाळ्यात एकदा मुद्दाम थांबून पाहिलं. तू आलीच नाहीस. मग दुसऱ्या दिवशी पण थांबले. मग सोडलंच." ती हे सहज बोलली, रागाने नाही. मग खांदे उडवून म्हणाली, बरंच झालं ना, मी काय आता लहान आहे. आणि तिच्या खोलीचं दार लागलं.

बदकताई कणकेचा डबा हातात धरून उभी राहिली. ती मुद्दाम थांबली होती. बंद दाराआड, पाणी बंद करून, श्वास धरून, आई येते का याची वाट बघत पोर उभी राहिली असेल. एकदा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. आणि इकडे आई स्वयंपाकघरात, उबेत. हे दृश्य तिला दिसत होतं, जसा तळ दिसला होता, पिवळ्या टोपीसकट. यावर काहीतरी वाटायला हवं होतं. तिने वाट पाहिली. काहीच आलं नाही. तेव्हा डोक्याने, अगदी कोरड्या डोक्याने, एखादं गणित सुटावं तसं तिने ओळखलं की उद्या पाण्यात दुसरं एखादं पोर गप्प होईल आणि आपल्याला पुन्हा बरं वाटेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गोळी घेतली नाही. डबी उशीखाली ठेवली आणि चालत तलावावर गेली. सुरुवातीला नुसत्या जांभया आल्या, नाक वाहू लागलं, सर्दी झाली असेल असं वाटलं. मग अंगावर काटा उभा राहिला तो बसेचना. गार पाण्यातून वर आल्यावर असतो तसा, पण आतून आलेला. पोटात पीळ पडू लागले. पाय एका जागी ठरेनात. हे सगळं तिने सोसलं असतं. पण दुपारी मुलं पाण्यात उतरली, गुणगुणू लागली, आणि भीती आली. तिला ओळखीची होती ती भीती नव्हे. ती बिचारी एका पोराची, एका आवाजाची असायची, पोटात यायची आणि पोर शिंकलं की जायची. हिला तोंड नव्हतं. सगळेच आवाज एकाच वेळी थांबल्यासारखे वाटत होते आणि सगळेच चालू होते. ती एकेका पोराकडे बघायची, आहे, आहे, हेही आहे, आणि शेवटच्यापर्यंत जाईतो पहिलं हरवलेलं असायचं. तिला दर क्षणी वाटत होतं की कुणीतरी आत्ता, इथे, माझ्या डोळ्यांदेखत गप्प होतंय. तिने मुलांना बाहेर काढलं. कपडेसुद्धा बदलू दिले नाहीत, टॉवेल गुंडाळून काठावर भिंतीला पाठ लावून बसवलं आणि स्वतः त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. तिचे दात वाजत होते. फ्रिज आज आली नव्हती. ती आली नाही की बुडाली, हे काही केल्या तिला ठरवता येईना.

शिट्टीने मुलांना त्यांच्या पालकांकडे सोपवलं आणि तो येऊन तिच्याशेजारी बसला. कालपासून तो तिच्याशी बोलला नव्हता. दोघांची ओळख जुनी. तो तिच्याहून वयाने बराच मोठा, आणि टोमणे सोडले तर सख्ख्या भावासारखा. त्याने विचारलं, काल तुला तिचा आवाज थांबलेला ऐकू आला नाही का. कानाचं काही असेल तर दाखवून ये, लपवतेस कशाला, वय होतं माणसाचं. तो तिला पळवाट देत होता. पाण्याच्या कडेला बसलेल्या तिला ती वाट दिसली, रुंद आणि सोपी.

"ऐकू आला," बदकताई म्हणाली. "थांबला ते ऐकू आलं. मला बरं वाटलं."

शिट्टीने तिच्याकडे पाहिलं नाही. तो पाण्याकडे बघत राहिला. मग तिने गोळ्यांचं सांगितलं. सांगताना मधेमधे उठून तिला मोरीकडे पळावं लागलं. सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "बदके, उद्यापासून तू पाण्याकाठी उभी राहायचं नाहीस. मी राहू देणार नाही." आवाजात टोमणा नव्हता आणि म्हणूनच तिला तो लांबच्या, परक्या माणसाचा वाटला. मग त्याने तिला दंडाला धरून उठवलं आणि रिक्षात घातलं.

डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या. बोलताना त्या टेबलावरची काच बोटाने पुसत. त्यांनी आधी खडसावलं ते गोळ्या घेतल्याबद्दल नव्हे, एकदम बंद केल्याबद्दल. हे असं उडी मारून उतरायचं नसतं, जिन्याने उतरायचं, आम्ही पायरी पायरी कमी करू, नवऱ्याला बोलवा, गोळ्या त्यांच्या ताब्यात राहतील. मग त्यांनी तिचा व्यवसाय विचारला आणि ती लहान मुलांना शिकवते म्हटल्यावर त्यांचा स्वर बदलला. त्या तिला लहान मुलालाच समजावल्यासारखं समजावू लागल्या.

"तान्हं मूल आईपासून लांब झालं की रडतं. ते रडणं म्हणजे मेंदूतली घंटा. ती कशाने थांबते? आईने उचललं की. कुशीत गेलं की मेंदू स्वतःच एक थेंब सोडतो, या तुमच्या गोळीसारखाच, अगदी एक थेंब. तो थेंब मेंदूला सांगतो, सगळे जवळ आहेत, कुणी हरवलेलं नाही. माणसाला माणूस लागतं ते बरंचसं त्या थेंबासाठी. तुम्ही रोज बादलीभर ओतत होतात, कुशीशिवाय. मेंदूची खात्रीच पटली की सगळे जवळ आहेत. मग तो कान कशाला देईल?"

आणि आता, बदकताईने विचारलं.

"आता बादली गेली, आणि थेंब सोडायची सवय मोडलीय. आता तो सांगणार, सगळेच हरवले. तेही खरं नाही. पण वाटेल खरंच. थोडी कळ काढावी लागेल."

सगळे जवळ आहेत. रिक्षात नवऱ्याशेजारी बसून परत येताना तिला ते वाक्य बाबांच्या आवाजात ऐकू येऊ लागलं, आणि मग अगदी सिग्नलजवळ, कुठल्याशा दुकानाच्या पायरीवर कुणीतरी टेकवून ठेवलेली काठी दिसली आणि बाबा मेले. उन्हाळ्यात नव्हे, आत्ता. इतके महिने उबेत झाकून ठेवलेला तो हिसका कमरेच्या दोराला आता बसला आणि ती दुहेरी वाकली. नवऱ्याला वाटलं पोटात कळ आली. तिने त्याची बाही धरली. बाबा गेले रे, ती म्हणाली. तो गोंधळला, मग हळूहळू समजला, आणि काय करावं ते न कळून त्याने रिक्षावाल्याला जरा हळू घ्यायला सांगितलं.

त्यानंतरचे आठवडे जिन्याचे होते. गोळी अर्धी झाली, मग अर्ध्याची आणखी अर्धी. नवरा ती सकाळ-संध्याकाळ बशीत ठेवायचा. तो आता तिला काळजीवाहू म्हणत नसे. त्यालाच काळजी लागली होती आणि ती त्याला जमत नव्हती. तलावावर ती जात होती, पण आत नाही. बाहेरच्या खोलीत फळ्या पुसून रचायची. पलीकडून मुलांची गुणगुण यायची. शिट्टीने वर्ग चालवताना तिची रीत सोडली नव्हती. भिंतीआडून ती एकेक आवाज ओळखायची, मिक्सर, डास, आणि पहिल्यांदा परत आलेलं ते घुर्र ऐकून तिने तोंडात ओल्या फडक्याचा बोळा कोंबला होता, रडण्याचा आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून. भीती काही कमी झाली नव्हती. पण मधूनमधून तिला तोंड फुटायचं, ती एका पोराची व्हायची, एका आवाजाची, आणि मग बदकताईला ती भीती जुन्या ओळखीच्या माणसासारखी वाटायची. उंबऱ्यापर्यंत येऊन आत येऊ का म्हणून थांबलेली.

आज संध्याकाळी बशीत पाव गोळी होती. नवरा ती ठेवून खाली भाजी आणायला गेला होता. बदकताई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. अंग घामेजलं होतं, पायांत मुंग्या होत्या, गोळीची वेळ झाली होती. लेक न्हाणीघरात होती. नळाचा आवाज येत होता. मग नळ थांबला. फ्रिजही नेमका त्याच वेळी थांबला, आणि खोली एकदम मोठी झाली.

पोटात गोळा आला.

ती तशीच उभी राहिली, हातात लेकीचा फ्रॉक, कान ताठ. न्हाणीघरातून काहीच येत नव्हतं. साबण शोधत असेल. केसांना काही लावत असेल. चौदा वर्षांची घोडी झालीय, तिला काय धाड भरलीय. सगळं खरं, आणि सगळं पटत होतं, आणि तरी कान दाराकडेच होते. टेबलावर बशी होती. पाव गोळी, नखाएवढी, तिच्या हक्काची. डॉक्टरीणबाईंनी दिलेली, वेळेवर घ्यायची. ती आत्ता घेतली तर थोड्या वेळाने मूठ सुटेल. सगळे जवळ असतील. दार बंद राहील, आणि दाराआड काही का असेना, ते छान असेल.

ती टेबलापर्यंत गेली. बशी उचलली. मग बशी हातात धरूनच न्हाणीघराच्या दाराशी आली, आणि मोकळ्या हाताच्या बोटांनी दार वाजवलं.

"काय आहे?" आतून वैतागलेला आवाज.

"गुणगुण," बदकताई कशीबशी म्हणाली.

आत काही हललं नाही. खूप वेळ काही आलं नाही. निदान तिला तरी तो खूप वेळ वाटला. ती दाराला पाठ लावून खाली बसली, बशी मांडीवर घेऊन. उखडलेल्या कडीच्या जागी बसवलेल्या नव्या कडीचे स्क्रू तिच्या डोक्याच्या वर चमकत होते. लेक आत उभी असेल. हिवाळ्यात उभी राहिली होती तशी, श्वास धरून. आता ती वाट बघत नव्हती, विचार करत होती. हिच्यासाठी पुन्हा हे सुरू करायचं का. आणि तो विचार तिने करावा हे रास्त होतं. बदकताईला तिला काही सांगायचं होतं, पण सांगण्याजोगं जे होतं ते सगळं या दाराच्या अलीकडे बसून थरथरण्यातच होतं.

मग आवाज आला. बेसूर, चिडलेला, मुद्दाम घशातून काढलेला. कुठल्याही धुनेचा नसलेला. एक लांबलचक सूर आला आणि श्वास घ्यायला तुटला. त्या तुटलेल्या जागेत बदकताईचा प्राण अडकला. तिने बशीची कड घट्ट धरली. सूर पुन्हा आला. त्याने भीती गेली नाही. ती तशीच राहिली, पोटात, तिच्या जुन्या जागी, लेकीच्या आवाजाएवढी. पाव गोळी बशीत होती. ती थोड्या वेळाने घ्यायची होतीच. पण आत्ता नाही. आधी ऐकायचं.

लेक पुन्हा श्वास घ्यायला थांबली. बदकताई डोळे मिटून, कान देऊन वाट बघत राहिली.